देहलीदीप : कठड्यावरच्या काढत्या दिव्याची समीक्षा



समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुस्तक येतं. फार तर नाटक किंवा चित्र. आज आपण एका दिव्याची समीक्षा करणार आहोत. तोही देवघरातला किंवा दिवाणखान्यातला नव्हे. गॅलरीच्या, गच्चीच्या, किंवा अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांच्या घरामागे फळ्यांचा जो ‘डेक’ असतो त्याच्या कठड्यावर लावायचा आणि नको असेल तेव्हा काढून ठेवायचा असा हा दिवा.

विषय किरकोळ वाटेल. पण कांटने १७९० च्या ग्रंथात सौंदर्याचे दोन प्रकार सांगितले. एक मुक्त सौंदर्य, उदाहरणार्थ फुलाचं. दुसरं हेतूशी बांधलेलं सौंदर्य. या दुसऱ्याची उदाहरणं देताना तो चर्च आणि राजवाडा सांगतो, आणि त्याच दमात बागेतलं छोटं घरही सांगतो. म्हणजे बागेतल्या घरापर्यंत तत्त्वज्ञान पोचलेलंच आहे. आपण फक्त त्याच्या कठड्यापर्यंत चाललो आहोत. आपल्याकडे रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्याच्या संकल्पनेला दोन ध्रुव असल्याचं दाखवलं : एका टोकाला कलाकृतीची स्वायत्तता, दुसऱ्या टोकाला तिचं लौकिक जीवनाशी असलेलं नातं. कठड्यावरचा दिवा या दुसऱ्या ध्रुवाच्या अगदी शेजारी राहतो. तो ‘छान दिसतो’ एवढ्यावर त्याची परीक्षा संपत नाही. तो कशासाठी आहे, आणि कोणासाठी आहे, हे विचारावंच लागतं.

कोणासाठी, हा प्रश्न इथे जास्त अवघड आहे. आपल्या शास्त्रकारांकडे ‘देहलीदीपन्याय’ म्हणून एक न्याय आहे. देहली म्हणजे उंबरठा. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड देतो आणि अंगणातही. वाक्यात मध्ये ठेवलेला एखादा शब्द अलीकडच्या आणि पलीकडच्या अशा दोन्ही भागांना लागू पडतो, तेव्हा हा न्याय सांगतात. आता बघा, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाचा उंबरठा कुठे आहे? त्याच्या दारापुढे जिना असतो, लिफ्ट असते. जगाकडे उघडणारी त्याची खरी देहली म्हणजे गॅलरीचा कठडा. तिथे लावलेल्या दिव्याचा निम्मा उजेड आपला आणि निम्मा दुसऱ्यांचा असतो. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे : ज्या दिव्याचा निम्मा उजेड दुसऱ्याच्या वाट्याला जातो, तो काढता येणं ही नुसती सोय नाही, ती अट आहे. आणि आज बाजारात जे दिवे ‘काढता येणारे’ म्हणून मिळतात, त्यांतले बहुतेक ही अट पाळत नाहीत.

आधी कठड्याकडे नीट पाहू. कठडा माणूस पडू नये म्हणून असतो, आणि हात टेकायला असतो. दिवा तिथे पाहुणा आहे. पाहुण्याने यजमानाची जागा अडवू नये. कठड्याच्या माथ्यावर ओळीने दिवे बसवले की हात टेकायची जागा गेली, हा पहिला दोष. दुसरा त्याहून मोठा. कठडा साधारण मीटरभर उंच असतो. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे त्याच्या थोडेसेच वर असतात. म्हणजे माथ्यावरचा दिवा आपण आणि समोरची बाग यांच्या मधोमध, नेमका डोळ्यांसमोर येतो. तेजस्वी ठिपका समोर आला की डोळा त्या ठिपक्याशी जुळवून घेतो आणि पलीकडचं सगळं काळं होतं. झाड गेलं, रस्ता गेला, आभाळ गेलं. ज्या संध्याकाळसाठी आपण बाहेर येऊन बसलो, ती संध्याकाळच दिवा पुसून टाकतो.

म्हणून चांगला दिवा वरच्या आडव्या दांड्याच्या खाली असतो, त्याचं तोंड जमिनीकडे असतं आणि बाहेरच्या बाजूला त्याला आडोसा असतो. उजेड दिसावा, दिवा दिसू नये. पाय कुठे पडतोय ते कळावं, डेकची पायरी कुठे संपते ते कळावं. एवढ्या कामाला फार थोडा उजेड पुरतो. रंगाचंही तेच. पणतीचा उजेड साधारण १९०० केल्व्हिनच्या आसपास असतो. बाजारात ‘वॉर्म’ म्हणून मिळतो तो २७०० ते ३००० चा आणि पांढराशुभ्र ६५०० चा. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि पांढरा एलईडी त्या निळ्याच्याच पोटातून आला. शोध मोठाच. पण त्या निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात, हे पावसाळ्यात गॅलरीत बसणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

आता ‘काढता’ या शब्दाकडे वळू. हा शब्द पाकिटावर सर्रास छापलेला असतो. आपण त्याला तीन प्रश्न विचारू. काढायला हात कुठे घालायचा? काढल्यावर मागे काय उरतं? आणि काढलेला ठेवायचा कुठे?

पहिला प्रश्न हाताचा. आपला जुना कंदील आठवा. त्याला तारेची कडी होती. ती कडी न बोलता सांगायची : मला इथे धर, खुंटीला अडकव, उचलून गोठ्यात ने. कंदिलाच्या आकारातच माणसाच्या हाताची जागा राखलेली होती. आजच्या कठड्यावरच्या दिव्याला अशी जागा शोधून सापडत नाही. गुळगुळीत डबी, मागे चिमटा, आणि चिमट्याचा स्क्रू कठड्याच्या बाहेरच्या अंगाला. म्हणजे आठव्या मजल्यावर कठड्यावरून वाकून, हात बाहेर काढून, न दिसणारा स्क्रू पिळायचा. सत्तरीतल्या माणसाने हे करू नये, आणि करायला लावणाऱ्याने स्वतःला डिझायनर म्हणवू नये. शिवाय स्क्रू निसटला तर दिवा खाली कोणाच्या डोक्यात पडेल याचा विचार नाही. कठड्याच्या आत अडकवलेली वीतभर दोरी हा धोका टाळते. ती किती पाकिटांत दिलेली असते ते उघडून पाहा.

दुसरा प्रश्न मागे उरणाऱ्या खुणेचा. पकडीचे प्रकार चार-पाचच आहेत. वरून खोगिरासारखा बसणारा आकडा, स्क्रूचा चिमटा, पट्टा, लोहचुंबक, आणि काचेसाठी रबरी चूषक. चुंबक लोखंडी गजाला घट्ट बसतो. ॲल्युमिनियमला बसतच नाही, आणि आपल्या इमारतींत लावतात त्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीललाही धड धरत नाही. चूषक धुळीच्या काचेवर दोन दिवसांत सुटतो. आणि पट्टा म्हणजे बहुधा प्लॅस्टिकची ती दातेरी पट्टी, जी एकदा आवळली की उलटी फिरत नाही. कात्रीने कापावीच लागते. कापता येतं म्हणजे काढता येतं का? मग भिंतही काढता येतेच की, फोडून! ती पट्टी उन्हाने ठिसूळ होऊन आपणहून तुटते ती गोष्ट वेगळी. डेकच्या बाबतीत गंमत अशी की अमेरिकेत ज्या लाकडी खांबाला ‘चार बाय चार’ म्हणतात, तो रंधून प्रत्यक्षात साडेतीन इंचांचाच उरतो. नावावर विसंबून टोपीसारखा दिवा घेतला की तो डुगडुगतो, मग मेखा मारतात, आणि काढत्या दिव्याची भोकं लाकडात कायमची राहतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला ही भोकं परवडत नाहीत. खरं तर काढता दिवा सर्वांत जास्त त्याच्यासाठी हवा, कारण त्याला घरच एक दिवस सोडायचं असतं.

इथे विजेचा मुद्दा थोडक्यात. २३० व्होल्टची वायर खिडकीच्या फटीतून ओढून ओल्या कठड्यावर नेणं हा मूर्खपणा आहे. तिथे १२ व्होल्ट किंवा बॅटरी हवी. पाण्यासाठी पाकिटावर ‘आयपी’ अंक असतो : पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४४ म्हणजे शिंतोडे चालतील, ६५ म्हणजे धूळ शिरणार नाही आणि पाण्याची धार सोसेल. कोकणात समुद्राजवळ याशिवाय मिठाचा विचार करावा लागतो. तिथे ३०४ चं स्टीलही डागाळतं, ३१६ टिकतं. आणि सौर दिव्यांबद्दल एकच वाक्य : आपल्या गॅलरीवर वरच्या मजल्याची गॅलरी असते, त्यामुळे दिव्याच्या डोक्यावरच्या सौरपट्टीला आभाळ दिसतच नाही. मोकळ्या डेकसाठी केलेली कल्पना आपण जशीच्या तशी उचलली.

तिसरा प्रश्न ठेवण्याचा, आणि आमच्या मते हाच खरा कसोटीचा. काढलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती घरात येते. आपला घरी केलेला आकाशकंदील पाहा. बांबूच्या काड्या, खळ, पतंगाचा कागद. दिवाळीला वर चढायचा, बऱ्याच घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत किंवा त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहायचा, मग उतरायचा. कागद जायचा, सांगाडा माळ्यावर जायचा, पुढच्या वर्षी नवा कागद. त्याच्या उतरण्याची तिथी त्याच्या असण्यातच होती. जपानमधल्या गिफू गावचे कंदील याच जातीचे : बांबूच्या बारीक पट्टीचा वेढा, त्यावर कागद, आणि काम झालं की दाबून चपटे. इसामू नोगुची हा शिल्पकार १९५१ साली गिफूला गेला आणि त्यातून त्याने ‘अकारी’ नावाचे दिवे घडवले. तेही घडी होऊन सपाट खोक्यात मावतात. ते घराच्या आतले दिवे आहेत, कठड्यावरचे नव्हेत. पण घडी होणं हे शिल्पाच्या आकारातच सामावता येतं, एवढं त्याने दाखवून दिलं.

याउलट आजचा दिवा. त्याची बॅटरी आत चिकटवून बंद केलेली. ती गेली की अख्खा दिवा गेला. म्हणजे तो काढता नाही, टाकता आहे. काढता, कापता आणि टाकता या तीन शब्दांत जो फरक आहे तो बाजाराने पुसला आहे. समीक्षेचं काम तो परत रेखाटणं.

आता एक आक्षेप घेऊ, कारण तो वजनदार आहे. कोणी म्हणेल, काढायचा कशाला? बटण आहे ना. बंद केला की झालं. याला दोन उत्तरं आहेत. एक, बंद दिवा रात्री नसतो पण दिवसा असतो. वर्षाच्या बहुतेक तासांत तो विझलेलीच वस्तू असते. पावसाळ्याचे चार महिने तर त्याच्याखाली कोणी बसतही नाही. विझलेल्या अवस्थेत जो कठड्याला ओझं होतो, तो दिवा अर्धवट घडवलेला आहे. दुसरं उत्तर महत्त्वाचं. आता बटणही आपल्या हातात राहिलेलं नाही. अंधार पडला की तो संवेदकाने आपणहून लागतो, आपण गावाला गेलो तरी लागतो. समोरच्या घरातलं तान्हं मूल, रात्रपाळी करून आलेला माणूस, कडुलिंबावरचे पक्षी यांच्या वाट्याचा निम्मा उजेड आता कोणाच्याच निर्णयाविना पडत राहतो. कायमच्या वस्तूचा असाच हक्क तयार होतो. ‘आमचा दिवा पहिल्यापासून आहे’, हे वाक्य सोसायटीच्या सभेत आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. काढता दिवा असं म्हणू शकत नाही. तो लावणाऱ्याला दर वेळी विचारतो : आज हवा आहे का?

इथे दीपमाळ आठवते. जेजुरीच्या पायऱ्यांच्या कडेने दगडी दीपमाळा उभ्या आहेत. दगड कायमचा, उजेड पाहुणा. दिवे नसतानाही दीपमाळ सुंदर असते, कारण ती विझलेल्या वेळेचाही विचार करून घडवलेली आहे. काढत्या दिव्याच्या डिझायनरने हेच उलट बाजूने शिकावं. आधी दिवा नसलेला कठडा पाहावा. मग, तो कठडा उद्या सकाळी पुन्हा तसाच मिळेल, अशा बेताने त्यावर दिवा ठेवावा.

तेव्हा दिवा विकत घेताना दुकानदाराला तो लावून दाखवायला सांगू नका. काढून दाखवायला सांगा. एका हाताने, आतल्या बाजूने, कात्री न घेता. मग बॅटरी बदलून दाखवायला सांगा. आणि घरी आल्यावर एकदा खाली रस्त्यावर उतरून, समोरच्यांच्या खिडकीखाली उभं राहून, आपला दिवा पाहा. देहलीची दुसरी बाजू तिथून दिसते.

आपण इथे थांबू. कोणाचे प्रश्न असतील तर घेऊ.