दहा स्वयंसेवक आणि एक कॅप्सूल

गुडघेदुखी, कंबरदुखी यांसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक रोज घेणारे कोणीतरी प्रत्येक शाळेच्या शिक्षक-खोलीत असतेच. या गोळ्या पोटाला त्रास देतात हेही सर्वांना ठाऊक असते. त्यावर उपाय म्हणून ‘झिंक कार्नोसिन’ हे आहारपूरक विकले जाते. ‘वेदनाशामकांपासून पोटाचे रक्षण, शास्त्रीय प्रयोगाने सिद्ध’ असा त्याच्या प्रचाराचा सूर असतो. प्रयोग झाला आहे, हे खरे. परंतु त्यातून नेमके काय सिद्ध झाले, हे तपासून पाहणे आम्हाला आवश्यक वाटते.

प्रथम गोळी पोटाला का बाधते ते पाहू. जठरातील आम्ल अन्नाप्रमाणे जठरालाही इजा करू शकते. तसे होत नाही, कारण जठराच्या आतल्या बाजूवर चिकट स्रावाचा थर असतो. हा थर आणि अस्तराचा रक्तपुरवठा टिकवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात. वेदना आणि सूज वाढवण्यातही याच कुळातील द्रव्यांचा हात असतो. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. म्हणजे गुण आणि दोष एकाच क्रियेतून येतात. औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतेच. म्हणून जेवणानंतर गोळी घेतली किंवा गोळीऐवजी इंजेक्शन घेतले, तरी धोका टळत नाही.

आता तो प्रयोग. ब्रिटनमधील संशोधकांनी तो २००७ मध्ये ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. दहा स्वयंसेवकांना पाच दिवस इंडोमेथॅसिन हे वेदनाशामक दिले. एकदा झिंक कार्नोसिनबरोबर आणि एकदा तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय औषधाबरोबर. मोजली ती आतड्याची पार्यता, म्हणजे आतड्याच्या अस्तरातून नको ते रेणू किती झिरपतात ते. दोन शर्करा पाजून लघवीतील त्यांचे गुणोत्तर काढण्यात आले. निष्क्रिय औषध घेताना ते ०.३५ वरून ०.८८ वर गेले. झिंक कार्नोसिन घेताना लक्षणीय वाढ झाली नाही.

प्रयोग नेटका आहे, आणि त्याला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्यावर रचलेल्या दाव्याला. मराठीत आपण जठरालाही पोट म्हणतो आणि आतड्यालाही. येथे मोजले गेले ते लहान आतड्यातील झिरपणे. ग्राहकाच्या मनात मात्र असतो जठरातला व्रण आणि त्यातून होणारा रक्तस्राव. झिरपणे कमी झाले म्हणून रक्तस्रावही कमी होईल, हा एक तर्क आहे. तो स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

अशी तपासणी कशी असते? मिसोप्रोस्टॉल हे प्रोस्टाग्लँडिनसारखेच औषध आहे. त्याची मोठी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत वेदनाशामके घेणारे संधिवाताचे ८,८४३ रुग्ण सहा महिने होते. निष्क्रिय औषध घेणाऱ्या ४,४३९ जणांपैकी ४२ जणांना रक्तस्रावासारखा गंभीर उपद्रव झाला. मिसोप्रोस्टॉल घेणाऱ्या ४,४०४ जणांपैकी २५ जणांना. म्हणजे प्रमाण सुमारे ०.९५ टक्क्यावरून ०.५७ टक्क्यावर आले.

वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. संरक्षक औषध नसतानाही शंभरांत सुमारे ९९ जणांना सहा महिन्यांत गंभीर उपद्रव झाला नाही. मग दहा निरोगी माणसांत, पाच दिवसांत, तो किती जणांना होईल? बहुधा कोणालाच नाही. म्हणजे कॅप्सूल उपयोगी असो वा निरुपयोगी, रक्तस्रावाबद्दल हा प्रयोग काही सांगूच शकत नाही.

निष्पक्षपणे हेही सांगायला हवे की जपानमध्ये हेच संयुग १९९० च्या दशकापासून जठरव्रणावरचे औषध म्हणून वापरात आहे. ते पूर्णपणे निरर्थक आहे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु झालेला व्रण भरून येण्यास मदत होणे वेगळे, आणि रोज वेदनाशामक घेणाऱ्याचा रक्तस्राव टळणे वेगळे.

हा काथ्याकूट कशासाठी? वेदनाशामकांमुळे होणारा रक्तस्राव, विशेषतः वृद्धांत, पोट न दुखताही सुरू होऊ शकतो. ‘कॅप्सूल घेतो आहे, आता काळजी नाही’ असे समजून गोळ्या वाढवणारा माणूस डांबरासारख्या काळ्या शौचाकडेही दुर्लक्ष करील. असे शौच दिसताच दवाखाना गाठावा. गोळी रोज लागत असेल, तर ती किती आणि किती दिवस घ्यायची, तसेच आम्ल कमी करणारे औषध सोबत हवे का, हे डॉक्टरांना विचारावे.

‘प्रयोगाने सिद्ध’ हे शब्द दिसले की आपण आणि आपल्या विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत : किती माणसांवर? किती दिवस? आणि मोजले नेमके काय?