किरमिजी

लालासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. पोपटाची चोच लालचुटुक, संतापलेला चेहरा लालबुंद, अंगणात वाळत घातलेली मिरची लालभडक. हे सगळे उघड्यावरचे शब्द. किरमिजी मात्र पदराआडचा. सावकाश म्हणून बघा: कि-र-मि-जी. 'भडक'मधला दणका त्यात कुठेच नाही, तरी डोळ्यांपुढे येतो तो गडद आणि तेजाळ रंग. मखमल नुसती लाल कधी वाटत नाही मला, ती किरमिजीच.

आणि या मखमलीत किडा आहे.

संस्कृतातला 'कृमि' आणि फारसीतला 'किर्म' ही सख्खी भावंडं. किर्मावरून अरबीत 'किर्मिझ' आला, आणि आपला किरमिजी त्याच घराण्यातला. कानाला वाटतं, बोलीत कृपेची किरपा होते, तसाच 'कृमिज'चा किरमिज झाला असेल. 'किड्यापासून झालेला' हा अर्थही चपखल बसतो. पण शब्द आजोळी वाढून घरी परतला आहे, आणि परतताना रेशमी अंगरखा घालून आला आहे. 'कृमी' म्हटलं की आपल्याला जंताचं औषध आठवतं; किरमिजी म्हटलं की शालू.

किडा अगदी खरा. भूमध्य समुद्राभोवतीच्या ओकच्या झुडपांना चिकटलेली त्याची मादी वाटाण्याएवढी, गोल, निश्चल. रोमन लोक तिला दाणाच म्हणत. ती वाळवून, कुटून लोकर-रेशीम रंगवायचे. १५२१मध्ये स्पेनने मेक्सिको जिंकलं, आणि तिथल्या निवडुंगावरच्या, कितीतरी जास्त रंग देणाऱ्या किड्याने ओकवरच्याला मागे टाकलं. नाव मात्र टिकलं: इंग्रजीतल्या क्रिमझनमध्ये, कार्माइनमध्ये, तुर्कीतल्या 'किर्मिझी'त. पोलिश 'चेर्वोनी' म्हणजे लाल. त्याचंही मूळ किडाच. इंग्रजी व्हर्मिलियनच्या पोटात तर लॅटिनमधला चिमुकला किडा आहे, आणि ज्याला ते नाव मिळालं तो हिंगूळ निव्वळ पारा-गंधकाचा! रंगाचं किड्याशी असलेलं नातं भाषांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं.

आपल्याकडेही ते होतंच. पळसाच्या, बोरीच्या फांद्यांवर धरणारी लाख हीसुद्धा किड्याचीच करणी, आणि संस्कृतात तिचं एक नाव 'कृमिजा'. तिच्याच रसाचा अळिता व्हायचा. नवरीच्या पावलांना लागायचा तो हाच.