१४ अँगस्ट्रॉमची पट्टी: काय मोजते, काय मोजत नाही

श्वसनसाखळीची आकृती आपल्या सगळ्यांच्या वहीत असते: चार डबे आणि त्यांना जोडणारे बाण. इलेक्ट्रॉन एका केंद्रावरून दुसऱ्यावर जातो कसा, हे बाण सांगत नाहीत. त्यासाठी पेज, मोझर, चेन आणि डटन यांचा ‘नेचर’मधला १९९९ चा पेपर वाचावाच. फक्त तो अर्धवट उद्धृत करू नये.

पेपरचं म्हणणं साधं आहे. इलेक्ट्रॉन प्रथिनातून टनेलिंगने जातो. दोन केंद्रांच्या कडांमधलं अंतर साधारण १.७ अँगस्ट्रॉमने वाढलं की वेग दहापट घटतो. माहीत असलेल्या रचना तपासल्या, तर साखळीतली शेजारची केंद्रं १४ अँगस्ट्रॉमच्या आत सापडतात. मधल्या अमिनो आम्लांनी खास वाट आखून द्यायची गरज नाही. केंद्रं जवळ असली की पुरे.

या पट्टीचा उपयोग मोठा आहे. २००६ मध्ये थर्मस थर्मोफिलसच्या कॉम्प्लेक्स-वनची रचना आली, तेव्हा फ्लेव्हिनपासून क्विनोनच्या जागेपर्यंत सात लोह-गंधक क्लस्टरांची रांग दिसली, प्रत्येक टप्पा १४ च्या आत. सायटोक्रोम बीसी-वनमध्ये मात्र काही स्फटिकांत रिस्के क्लस्टर सी-वन हीमपासून फारच लांब होता. तिथे प्रथिनाचं डोकंच इकडून तिकडे फिरतं, हे १९९८ मध्ये पुढे आलं.

आता उणी बाजू. जांभळ्या जिवाणूंच्या प्रकाशसंश्लेषी अभिक्रिया केंद्रात रंगद्रव्यांच्या दोन फांद्या आहेत, जवळजवळ आरशातल्यासारख्या. अंतरं जवळपास सारखीच, तरी इलेक्ट्रॉन जवळजवळ नेहमी एकाच फांदीने जातो. इथे पट्टी गप्प. कारण शोधायचं तर केंद्रांच्या ऊर्जापातळ्या आणि भोवतालचं प्रथिन पाहावं लागतं. पेपरच्या समीकरणात मुक्त ऊर्जा आणि पुनर्रचना ऊर्जा दोन्ही आहेत, मार्कसचा तो वारसाच. पण सेमिनारमध्ये आपण फक्त १४ हा आकडा सांगून मोकळे होतो.

दुसरा प्रश्न जास्त बोचरा आहे. बीसी-वनमध्ये क्विनॉलचे दोन इलेक्ट्रॉन दोन वेगळ्या वाटांनी जातात, एक रिस्केकडे, दुसरा बी-हीमकडे. जवळ असणं पुरेसं असेल तर दुसराही उताराच्या वाटेने रिस्केकडेच का जात नाही? म्हणजे शॉर्टसर्किट का होत नाही? डटन यांच्याच गटाने २००४ मध्ये हा प्रश्न हाती घेतला, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण.

थोडक्यात, १४ च्या आत असणं ही अट आहे, कारण नव्हे. नवी रचना हातात आली की आधी अंतर मोजा, पण लोहापासून लोहापर्यंत नव्हे, कडेपासून कडेपर्यंत. हीममध्ये हा फरक काही अँगस्ट्रॉमचा पडतो. मग रेडॉक्स विभव बघा. आणि शेवटी विचारा: एवढ्याच अंतरावर दुसरं केंद्र असताना इलेक्ट्रॉन तिकडे का गेला नाही?