जंग आहे, बैन नाही

२०२१ सालची गोष्ट. शाळा सुटल्यावर सातवीतली दोन मुलं कुंडलच्या रस्त्याकडेला एकाच मोबाइलवर वाकून बसली होती. मी जवळ गेलो तसा एक जण फुशारकीनं म्हणाला, "सर, मैं अकेला गलवान जित्या!" मोबाइलवर 'फौजी' नावाचा खेळ चालू होता.

१५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात आपले वीस जवान शहीद झाले. तीन महिनेही उलटले नव्हते तोच, ४ सप्टेंबरला, या खेळाची घोषणा झाली. पबजीवर बंदी येऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते. २६ जानेवारी २०२१ रोजी बंगळूरच्या एनकोअर गेम्स कंपनीने तो बाजारात आणला. निव्वळ उत्पन्नाचा वीस टक्के वाटा 'भारत के वीर' निधीला देण्याचेही जाहीर झाले होते. तेव्हा हेतूवर मी बोलत नाही, घडणीवर बोलतो.

गलवानमध्ये गोळी न झाडता माणसे मेली. खेळातल्या त्या मोहिमेतही बंदूक नव्हती, नुसती हाणामारी होती. तपशील खरा, पण मरण खोटे. पडलेला गडी पुन्हा उभा राहतो आणि पुढचा शत्रू समोर येतो. सातारा-सांगलीकडे फौजेत मुलगा असलेली घरे गावोगाव आहेत. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी दारात आली, की तिथे पुन्हा खेळायची सोय नसते.

कोणी म्हणेल, कादंबऱ्या आणि सिनेमेही दुःखावर बेततात, मग खेळांवरच राग का? माझा राग विषयावर नाही. वाचक घटना पाहतो, खेळणारा ती आपल्या हाताने करतो. म्हणून या कलेला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की ती हाताला कोणते काम देते?

२०१४ च्या उन्हाळ्यात गाझावर खरेच बॉम्ब पडत होते. नेमका तेव्हाच 'बॉम्ब गाझा' नावाचा खेळ गुगलच्या दुकानात आला. खेळणाऱ्याने विमानातून बॉम्ब टाकायचे होते. लोक संतापले तेव्हा तो काढला गेला. इराकमधल्या फल्लुजाच्या २००४ च्या लढाईवरचा 'सिक्स डेज इन फल्लुजा' कोनामी कंपनीने २००९ मध्ये जाहीर केला आणि टीका होताच सोडून दिला. पुढे दुसऱ्यांनी तो हाती घेतला आणि २०२३ मध्ये विक्रीला आणला. तिथे खेळणारा अमेरिकन सैनिक होऊन घरोघर शिरतो. ज्याचे घर, त्याच्या डोळ्यांनी ती रात्र कशी दिसली असेल?

याउलट पोलंडच्या 'धिस वॉर ऑफ माइन' (२०१४) या खेळाकडे पाहा. साराजेव्होच्या वेढ्यावरून तो सुचला. त्यात आपण सैनिक नसतो, वेढ्यात अडकलेले साधे नागरिक असतो. भाकरी आणि औषध शोधायचे असते. एका म्हाताऱ्या जोडप्याचे धान्य चोरले, तर आपलीच माणसे खचतात. पोलंड सरकारने २०२० मध्ये हा खेळ मोठ्या विद्यार्थ्यांच्या वाचनयादीत घेतला. म्हणजे शोकांतिकेवर खेळ होऊ शकतो.

उर्दू शिकवताना मला मीर अनीसचा मर्सिया आठवतो. मर्सियात तलवार कडाडते, घोडे उधळतात, वीर आपली शेखी मिरवतो. पण मर्सियाच्या घडणीत जंगनंतर शहादत येते आणि शेवटी बैन, म्हणजे विलाप. जवळच्या कडेगावात हिंदू-मुसलमान मिळून मोहरमचे उंच ताबूत उभारतात. ताशा वाजतो, गर्दी लोटते, जत्राही भरते. तरी हा सगळा थाट कोणाच्या तहानेसाठी आहे, हे लहान पोरालाही सांगितलेले असते. करबलाची कहाणी तेराशे वर्षांहून अधिक काळ आपण सांगत आलो, पण यझीदची तलवार कोणी ऐकणाऱ्याच्या हातात दिली नाही. या खेळांत जंग आहे, बैन नाही.

त्या दिवशी मी मुलाला विचारलं, "त्या वीस जणांपैकी एकाचं तरी नाव सांग." तो गप्प झाला. मलाही कर्नल संतोष बाबूंपलीकडे नाव आठवेना. घरी जाऊन मी वीसही नावं शोधून वहीत उतरवली आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिली. लिहिता लिहिता फळा पुरेना, तेव्हा तोच मुलगा उठला आणि बाजूचं गणित पुसून त्यानं जागा करून दिली.