कोऱ्या डायऱ्यांचं रहस्य

हरवलेल्या मुलांच्या कादंबऱ्या मी आवडीने वाचतो, आणि दर वेळी एक अवघडलेपण सोबत असतं. पानावर कुणाची तरी आई फोनपाशी खिळून बसलेली असते आणि मी पुढे काय झालं या ओढीने पान उलटत असतो. तिच्या जिवाची घालमेल ही माझी करमणूक. हे वाचकाला टोचू नये म्हणून या प्रकारच्या कादंबऱ्यांनी एक सौदा ठरवून ठेवलेला असतो. मूल नाहीसं होतं, पोलीस येतात, कपाटं उघडली जातात, नवऱ्याचं प्रकरण आणि बायकोचा भूतकाळ बाहेर येतो. कुटुंबाची लाज चव्हाट्यावर येते, पण त्या बदल्यात शेवटी सत्य हाती लागतं. बाबुराव अर्णाळकरांच्या धनंजय-छोटूवर पोसलेल्या मराठी वाचकाला तर हा हिशेब सवयीचाच आहे: शेवटी उलगडा होणार.

सेलेस्ट इंग या अमेरिकी लेखिकेची ‘एव्हरीथिंग आय नेव्हर टोल्ड यू’ ही २०१४ साली आलेली पहिली कादंबरी मला महत्त्वाची वाटते, कारण ती हा सौदा वाचकापुरता पाळते आणि कुटुंबापुरता मोडते. हे दाखवायचं तर शेवट सांगावाच लागेल. ज्यांना आधी कादंबरी वाचायची आहे त्यांनी इथे थांबलेलं बरं.

१९७७ सालचा मे महिना. ओहायो राज्यातलं मिडलवुड नावाचं काल्पनिक गाव. जेम्स ली हा चिनी स्थलांतरितांचा मुलगा, तिथल्या कॉलेजात प्राध्यापक. त्याची बायको मॅरिलिन गोरी. डॉक्टर व्हायला निघालेली, पण मोठ्या मुलाच्या, नॅथच्या वेळी दिवस गेले आणि शिक्षण सुटलं. मधली लिडिया सोळा वर्षांची, धाकटी हॅना. एका सकाळी लिडिया नाश्त्याला येत नाही. ती मेली आहे हे इंग पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, आणि घरच्यांना ते अजून माहीत नाही हेही. रहस्यकथा जे शेवटपर्यंत राखून ठेवते ते इथे उंबरठ्यावरच ठेवलेलं आहे. उत्कंठा उरते ती एवढीच की या माणसांना काय काय कळेल, आणि काय कधीच कळणार नाही.

शोध सुरू होतो तसं एकेक निसटायला लागतं. लिडिया रोज फोनवर ज्या मैत्रिणींशी गप्पा मारायची, त्या सांगतात की तिच्याशी आमचं कित्येक दिवसांत धड बोलणं नाही. ती रिसीव्हर कानाला लावून एकटीच बोलत असायची, वडिलांना बरं वाटावं म्हणून. मग मॅरिलिन डायऱ्या काढते. दर वर्षी तिनेच मुलीला हौसेने दिलेल्या, छोट्या कुलपाच्या. ती कुलपं तोडते. आत सगळी पानं कोरी.

सराईत लेखकाने त्या डायरीत एखाद्या मुलाचं नाव किंवा सांकेतिक आकडा ठेवला असता. इंग काहीच ठेवत नाही, आणि तोच या घराचा सगळ्यात मोठा पुरावा ठरतो. इथे मला ‘बनी लेक इज मिसिंग’ आठवतो. एव्हलिन पायपरच्या १९५७च्या कादंबरीवरून ऑटो प्रेमिंजरने १९६५ साली केलेला सिनेमा. त्यात लंडनमध्ये नव्याने आलेल्या एका आईची मुलगी शाळेतून नाहीशी होते. मुलीला कुणी पाहिलेलं नाही, तिच्या वस्तूही घरातून गायब, आणि पोलिसांना शंका येते की ही मुलगी मुळात होती का? तिथे वस्तू नाहीत म्हणून मुलगी खोटी ठरायला लागते. लिडियाच्या खोलीत वस्तूंची रेलचेल आहे: आईने आणलेली विज्ञानाची पुस्तकं, वडिलांनी दिलेलं, लोकांशी मैत्री कशी जोडावी हे शिकवणारं डेल कार्नेगीचं पुस्तक. त्या वस्तूंमधून आई-वडील अगदी स्पष्ट दिसतात. मुलगी तेवढी दिसत नाही.

मग कुटुंबाचं गुपित कोणतं? जेम्सचं आपल्या तरुण सहायिकेशी प्रकरण आहे, पण ते वरवरचं. खरं गुपित पोलिसांच्या बोलण्यात सहज येऊन जातं: या घरातून आधी एकदा आई नाहीशी झाली होती. १९६६ साली मॅरिलिन अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला कुणालाही न सांगता निघून गेली. काही आठवड्यांनी परतली, कारण पुन्हा दिवस गेल्याचं लक्षात आलं. त्यावर घरात नंतर कुणीच बोललं नाही. पण छोट्या लिडियाने मनाशी ठरवलं होतं की आई परत आली तर ती म्हणेल ते सगळं करायचं. आई परत आली. नवस फळला, आणि तो फेडण्यात पोरीची पुढची अकरा वर्षं गेली. गणितं, प्रयोग, वरच्या वर्गाचं विज्ञान, प्रत्येक गोष्टीला मान हलवून हो. आईला वाटलं, मुलीलाही हेच हवं आहे.

हे वाचायला ओहायोला जावं लागत नाही. आपल्याकडे दहावी-बारावीच्या घरांत ‘आमचं काही म्हणणं नाही, तिलाच आवड आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की मॅरिलिनला खलनायिका म्हणायला माझी जीभ रेटत नाही. इंगही तसं म्हणत नाही. जेम्सला आयुष्यभर चारचौघांत मिसळून जायचं होतं, मॅरिलिनला चारचौघींहून वेगळं व्हायचं होतं. दोघांनी आपापली हौस एकाच पोरीच्या ताटात वाढली.

कादंबरीत खोट नाही असं नाही. निवेदक सर्वज्ञ आहे आणि जरा जास्तच समजूतदार. प्रत्येक जखमेचं कारण मागच्या पिढीत नेमकं सापडतं, दोन्ही बाजू काटेकोर जुळतात. ती सहायिका तर माणूस म्हणून उभीच राहत नाही. खरी घरं इतकी नीट उलगडत नाहीत.

तरी शेवट या नीटपणावर मात करतो. पोलीस आत्महत्येचा निष्कर्ष काढतात. आपल्याला मात्र इंग त्या रात्री तळ्यावर नेते. लिडिया होडीत बसून ठरवते आहे की आता आईला खरं सांगायचं, हार्वर्डला निघालेल्या नॅथला मोकळ्या मनाने जाऊ द्यायचं, नव्याने सुरुवात करायची. धक्क्यापर्यंत आपण जाऊ शकतो असं स्वतःला पटवून ती पाण्यात उतरते. तिला पोहता येत नाही. ती मरायला गेलेली नाही, आणि हे घरातल्या एकालाही कधी कळत नाही. ते अंदाज बांधत राहतात, एकमेकांना नि स्वतःला दोष देतात. पूर्ण उलगडा होतो तो माझा, ज्याचा या घराशी काही संबंध नाही.

सुरुवातीला म्हटलेलं अवघडलेपण इथे टोकाला जातं. मला हवं होतं ते मिळालं, आणि त्याचा ज्यांना उपयोग होता त्यांच्यापर्यंत ते पोचवायची सोय नाही.

घरात अजून एक मूल आहे. हॅना टेबलाखाली बसून सगळं पाहत असते. कोण कुणाकडे बघतं, कोण नजर चुकवतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. लिडियाच्या शोधात अख्खं घर पालथं घातलं जातं, पण तिला कुणी काही विचारत नाही. शेवटाकडे आई-बाप उशिरा का होईना तिच्याकडे वळतात. दुसऱ्यांदा वाचताना मी लिडियाचा माग सोडून दिला आणि प्रत्येक प्रसंगात हॅना कुठे बसली आहे तेवढंच पाहत गेलो. ती प्रत्येक वेळी तिथेच होती.