विठ्ठल उमपांची द्रौपदी

लोककलावंतावर लिहिताना आपल्याकडे एक सवय जडली आहे. त्याच्या दारिद्र्याचे वर्णन करावयाचे, ‘पहाडी आवाज’ हा शब्द योजावयाचा आणि कलेचा विचार तेथेच थांबवावयाचा. लोकशाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांच्या वाट्याला हे पुष्कळदा आले. आवाज पहाडी होता खराच. पण केवळ त्या बळावर ‘जांभूळ आख्यान’ उभे राहिले नसते.

मुंबईच्या नायगावात जन्मलेला हा गायक भीमगीतांतून घडला. पोवाडा, भारूड, कोळीगीत, कव्वाली असे नाना प्रकार त्याने हाताळले. (कव्वालीत त्यांचा आवेश मला कधीकधी अर्थाच्या पुढे धावताना दिसतो.) मग आंबेडकरी विचाराचा हा शाहीर देवीच्या गोंधळाकडे का वळला? ज्या समाजाने १९५६ मध्ये जुनी दैवते बाजूस सारली, त्यातील कलावंताने संबळ-तुणतुण्याचा आधार घ्यावा, हा प्रश्न टाळण्याजोगा नाही.

उत्तर आख्यानातच आहे. गोंधळात पूर्वरंगी देवतांना आवाहन आणि उत्तररंगी आख्यान, अशी मांडणी असते. उमपांनी ही चौकट ठेवली. परंतु तिच्या मध्यभागी आणून बसविले ते एका स्त्रीचे मन. पाच पतींची पत्नी असलेल्या द्रौपदीला कर्णाविषयी वाटणारी ओढ हा या लोककथेचा गाभा. व्यासांच्या महाभारतात ही कथा नाही. ती लोकांनी रचली आणि तोंडी जपली. अशा विषयात थिल्लरपणाला वाव फार. एक पुरुष द्रौपदी साकारतो म्हटल्यावर प्रेक्षक हसण्याच्या तयारीनेच बसलेला असतो. उमप त्याला आधी हसू देत, आणि मग त्याच हसण्याची त्याला लाज वाटावी इतक्या हळुवारपणे तिची व्यथा मांडीत. द्रौपदीचा न्याय करण्याचे त्यांनी नाकारले. माझ्या मते त्यांची थोरवी येथे आहे, आणि गोंधळाच्या निवडीचे समर्थनही येथेच आहे.

आपल्या मावला-आदिलाबाद भागातील वाचकांना याची एक बाजू विशेष जाणवावी. येथील परधान कीकरीच्या साथीने गोंडांच्या वंशकथा गातात. घरी मराठी बोलणारा हा गायक यजमानापुढे गोंडी गातो, हे हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात येथे राहून नोंदविले. परधानाची कथा यजमानाच्या कुळाशी बांधलेली. तीत फेरफार करण्याची मुभा बेताचीच, मात्र ऐकणारा ठरलेला. उमपांना असा यजमान नव्हता. गिरणगावातला श्रोता त्यांना दर रात्री नव्याने मिळवावा लागे. या निराधारपणातूनच द्रौपदीला बोलती करण्याचे धाडस आले असावे. परधानाकडे जी खात्री आहे ती उमपांकडे नाही, आणि उमपांकडची मोकळीक परधानाला नाही.

१९८३ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथील आंतरराष्ट्रीय लोककला महोत्सवात ते गेले. या वारीचा उल्लेख बिरुदासारखा केला जातो. मला ती गौण वाटते. परक्या श्रोत्यापर्यंत सूर, ठेका, अभिनय पोहोचतो; द्रौपदीच्या एका शब्दावर सभागृहात पसरणारी कुजबुज पोहोचत नाही. ध्वनिमुद्रणातही तेच होते. आवाज राहतो, पदराची चाळवाचाळव जाते.

२६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, रंगमंचावर असतानाच ते कोसळले आणि त्यांचे निधन झाले.