मुक्ताबाईचा निबंध आणि शिक्षकाची परीक्षा

मराठीत शिक्षकावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आठवणी, व्यक्तिचित्रे, गौरवग्रंथ आणि दर पाच सप्टेंबरची भाषणे यांतून एक ठरीव शिक्षक आपल्यापुढे उभा केला जातो. तो विद्वान असतो, कनवाळू असतो, त्याचा आवाज खणखणीत आणि अक्षर वळणदार असते. त्याच्या नुसत्या सहवासाने विद्यार्थ्याचे जीवन उजळून निघते असे आपल्याला सांगण्यात येते. या लेखनात विद्यार्थी कोठे असतो? तो शिक्षकाच्या पायाशी बसलेला असतो. त्याने तोंड उघडलेच तर ते कृतज्ञतेसाठी.

हे सारे लेखन गुरुमाहात्म्याच्या परंपरेतून आलेले आहे, आणि त्या परंपरेने आमच्यापुढे ठेवलेला आदर्श विद्यार्थी एकलव्य आहे. ज्याने काही शिकवले नाही त्याने दक्षिणा मात्र मागितली, आणि ज्याला शिकवले गेले नाही त्याने अंगठा कापून दिला. हा व्यवहार भक्तीचा नमुना म्हणून आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकांतून शिकवला गेला. माझ्या वडिलांनी माझ्या शाळेच्या अर्जावर अंगठाच उठवला होता. त्यामुळे ही गोष्ट मला कधी सुंदर वाटली नाही.

माझे म्हणणे असे आहे की, शिक्षकाची परीक्षा शिक्षकाच्या चरित्रावरून करू नये. ती विद्यार्थ्याच्या वहीवरून करावी. अशी एक वही मराठीत आहे. ती याच पुण्यात लिहिली गेली आणि आमच्या समीक्षेने अजून ती नीट तपासलेली नाही.

१८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी मुक्ताबाई ही मांग समाजातली, जेमतेम चौदा वर्षांची मुलगी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, त्यानंतर अस्पृश्यांच्या मुलामुलींसाठी शाळा काढल्या. त्यांच्या शाळेत मुक्ताबाई सुमारे तीन वर्षे शिकली होती. पेशवाई बुडून त्या वेळी चाळीस वर्षेही झालेली नव्हती. ज्यांनी ती भोगली ती म्हातारी माणसे वस्तीत जिवंत होती. मुक्ताबाईने जे लिहिले ते ग्रंथात शोधावे लागण्यासारखे नव्हते.

त्या निबंधात काय आहे? वेद ब्राह्मणांचे आणि ते पाहण्याचाही आम्हांला अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न आहे. इमारतींच्या पायात शेंदूर घातलेले तेल पाजून पुरलेल्या माणसांचा उल्लेख आहे. तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांगा-महाराच्या डोक्याचा चेंडू गुलटेकडीच्या मैदानावर कसा झाला, हे आहे. गाढवाला मारले तर त्याचा धनी तरी विचारायला येतो, आम्हांला मारले तर कोण येणार, हा हिशेब आहे. आणि शेवटी आपल्याच लोकांना शिकण्याचे आवाहन आहे. ज्ञान हे तिने आमच्या दुखण्यावरचे औषध मानले आहे.

या निबंधाकडे आजवर दोन प्रकारे पाहिले गेले. एक प्रकार कौतुकाचा. एवढ्याशा मुलीने एवढे लिहिले, केवढे आश्चर्य! हे कौतुक वरवर गोड असले तरी त्यात एक अपमान दडलेला आहे. मांगाच्या मुलीला विचार करता आला, याचेच हे आश्चर्य असते. दुसरा प्रकार दस्तऐवजाचा. पेशवाईतील अत्याचारांचा पुरावा म्हणून त्यातली चार वाक्ये उचलायची आणि बाकीचा निबंध सोडून द्यायचा. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सुटते. हा निबंध म्हणजे शाळेतल्या मुलीने शाळेत शिकून केलेली रचना आहे. तिच्यामागे एक वर्ग आहे, आणि वर्गात शिकवणारी माणसे आहेत.

सावित्रीबाईंवर शाळेच्या वाटेत शेण आणि दगड फेकले गेले, ही कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. त्या वर्गात पोचल्यावर काय शिकवीत, याची चौकशी आपण क्वचितच करतो. फुल्यांच्या शाळांत वाचन, व्याकरण, अंकगणित, भूगोल, नकाशे, मराठ्यांचा इतिहास असे विषय होते. हे विषय सरकारी शाळांतही होते. मग मुक्ताबाई तिथल्या वर्गांतून का निघाली नाही?

येथे एक अडचणीचा प्रश्न विचारला पाहिजे, कारण तो विरोधकांनी विचारण्यापेक्षा आपण विचारलेला बरा. हा निबंध मुक्ताबाईचा किती आणि तिच्या शिक्षकांचा किती? मिशनच्या पत्राच्या संपादकाचा हात त्यात किती?

शिक्षकांचा आवाज त्यात आहे, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. ब्राह्मणी सत्तेची जी चिकित्सा जोतीरावांनी पुढे १८७३ साली 'गुलामगिरी'त मांडली, तिची बीजे येथे दिसतात. इंग्रजी राज्याचे निबंधात केलेले गुणगान फुल्यांच्या भूमिकेशी जुळते आणि मिशनलाही ते आवडले असणार. राष्ट्रवादी वाचकाला ते खटकते. पण मुक्ताबाईची तुलना रस्त्यावरची आहे. पूर्वी चांगले कपडे घातले तर संशय घेऊन मारत, आता पैसे असतील तो बाजारात जाऊन कापड घेतो. ज्यांना पूर्वीही रस्ता मोकळा होता, त्यांना या फरकाची किंमत कळणे अवघड आहे.

परंतु निबंधात दोन जागा अशा आहेत की, त्या कोणत्याही शिक्षकाने सांगून लिहून घेतलेल्या नाहीत असे माझे मन सांगते. पहिली जागा बाळंतिणीची. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय होत असेल, बाळंतरोग झाला तर औषधाला पैसा कोठून आणायचा, असे ती लिहिते. हे लिहिताना ती पुराण, पेशवाई, धर्म या साऱ्यांतून खाली उतरून आपल्या वस्तीत येते. हे तिने पाहिलेले आहे. दुसरी जागा आपल्याला अधिक बोचणारी आहे. महारही मांगाला आपल्यापेक्षा हलका समजतात, मांगाची सावली त्यांनाही चालत नाही, हे ती दडवत नाही. दोघांच्या दुःखावर लिहिताना दोघांमधली उतरंडही ती दाखवते. मी ज्या समाजातून आलो त्यात हे वाक्य मोठ्याने वाचायला आजही धीर लागतो. १८५५ मध्ये एका मुलीने ते लिहिले आणि तिच्या शिक्षकांनी ते खोडले नाही.

चांगला शिक्षक कोणता, याचे उत्तर मला या न खोडण्यात सापडते. जोतीराव-सावित्रीबाईंनी मुक्ताबाईला अक्षर दिले, तिच्या दुःखाला कारण असते आणि ते कारण शोधता येते हे शिकवले. एवढे झाल्यावर तिच्या घरची हकीकत हा वर्गाचा विषय होऊ दिला. मग तो कागद शाळेच्या कपाटात न ठेवता छापखान्यापर्यंत जाऊ दिला. यांतली शेवटची पायरी फार थोडे शिक्षक चढतात.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन सादर केले. त्यात शिक्षकाविषयीचा विचार स्पष्ट आहे. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील. प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटू नये. त्यांना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा. शिक्षकाच्या सद्गुणांची यादी देण्याऐवजी जोतीराव त्याचा वर्ग, हात आणि पगार यांबद्दल बोलतात. प्रेरणेचा प्रश्न त्यांनी व्यवस्थेत नेऊन ठेवला.

बाबासाहेबांचे उदाहरण याच अंगाने पाहावे. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात होते आणि जॉन ड्यूई तेथे शिकवत होते. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात त्यांनी ड्यूईंचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. पण ड्यूईंचा विचार त्यांनी ज्या प्रश्नाला लावला, तो जातीचा प्रश्न त्या वर्गात कोणी शिकवला नव्हता. बुद्ध, कबीर आणि फुले यांना ते गुरू मानत. तिघांपैकी एकाच्याही पायाशी ते बसलेले नव्हते. तिघांनाही त्यांनी वाचले, तपासले आणि पुढे नेले. त्यांनी १९५० साली औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयात पुढे म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे अशा प्राध्यापकांनी मुलांना आपले जगणे लिहायला लावले. दलित साहित्याच्या इतिहासात त्या वर्गांची नोंद वेगळी केली पाहिजे.

आता स्वतःविषयी. दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्याने आपलीही दाखवावी.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. नोकरीला लागून दुसरे वर्ष होते. मी वर्गाला पावसाळ्यावर निबंध लिहायला सांगितला. गुलटेकडीला आज मार्केटयार्ड आहे, त्याच्या मागच्या वस्तीतली एक मुलगी वर्गात होती. तिने लिहिले होते की, पावसात पोते भिजून जड होते, पण वडिलांची हमाली तेवढीच राहते. आई गाळ्यांपुढची भाजी वेचते, ती पावसात लवकर सडते, म्हणून आई पहाटे तीनला जाते. मी या निबंधावर लाल शाईने 'विषयांतर' असे लिहिले. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांखाली रेघा ओढल्या आणि दहापैकी चार गुण दिले. पुढच्या निबंधात तिने गाईडमधला सूर्योदय उतरवून आणला. मी सात दिले.

हे मी का केले? मला त्या मुलीचा तिटकारा नव्हता. तिचे घर मला परके नव्हते, तेच तर माझे घर होते. पण प्रमाण भाषा मी फार कष्टाने मिळवली होती. माझे शब्द वर्गात हसण्यावारी नेले गेले होते. ते मी एकेक करून टाकून दिले, तेव्हा मला शाबासकी मिळाली. ज्या दाराशी मी एवढा काळ उभा होतो, त्या दाराचा पहारेकरी होण्यात मला नकळत मोठेपणा वाटू लागला. आपल्यातून शिक्षक झाला म्हणजे तो आपल्या मुलांना उठवीलच, अशी आपली समजूत असते. जोतीरावांची अपेक्षाही तशी होती आणि ती योग्यच होती. पण नुसता जन्म पुरत नाही, हे मी माझ्याच लाल शाईवरून सांगतो. मुक्ताबाई माझ्या वर्गात असती तर मीही तिला चार गुण दिले असते.

ती मुलगी पुढच्या वर्षी वर्गात नव्हती.

भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. त्या जागी राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. स्मारकाला माझा विरोध नाही. माझी मागणी एवढीच की, तेथे संस्थापकांच्या प्रतिमांइतकीच मोठी जागा मुक्ताबाईच्या निबंधाला द्यावी, आणि तो पूर्ण द्यावा. महार-मांगांमधल्या सावलीचे वाक्यही गाळू नये.

आता दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी वर्गात तो निबंध मोठ्याने वाचतो. मग मुलांना लिहायला सांगतो. पहिल्या वाचनात लाल शाई हातात घेत नाही. यंदा एका विद्यार्थ्याने लिहिले की, सर मुक्ताबाई वाचून दाखवतात आणि ज्ञान हे औषध आहे म्हणतात. पण आम्ही कामावरून येतो तेव्हा सहा वाजलेले असतात आणि ग्रंथालय पाचला बंद होते, हे सरांना ठाऊक नसावे.

मला खरोखरच ठाऊक नव्हते. ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडे ठेवावे असा अर्ज मी दिला आहे. त्याच्यासोबत त्या विद्यार्थ्याच्या परवानगीने त्याच्या निबंधाची प्रत जोडली आहे. अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही.